साडेतीनचे साडेचार

नंदाने फ्रिजच्या दारावरचा तक्ता काढला, जेवणाच्या टेबलावर पसरला आणि निकिताच्या नावापुढचे साडेतीन खोडरबराने खोडायला घेतले. कागद जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानाचा, गुळगुळीत. तिने जोर लावला तसा तो एका जागी फाटायला आला.

"काय खोडतेस?" आतल्या खोलीतून भीमरावांनी विचारलं. रविवार होता, दुपारचे तीन वाजून गेले होते, आणि ते इस्त्रीचा शर्ट घालत होते.

"निकिताची पाळी बदलली, बाबा."

"कधीपासून?"

"आजपासूनच. रात्रपाळी लागली तिला. आपल्याकडचे पहाटेचे अडीच."

भीमराव शर्टाचं बटण लावता लावता दारात येऊन उभे राहिले.

"किती दिवस?"

"मार्चपर्यंत."

"मार्चच्या शेवटापर्यंत?"

"असंच म्हणाल्या चंपाकाकू."

"हं," भीमराव चष्म्यावरून तिच्याकडे बघत म्हणाले. त्यांनी लावलेली दोन बटणं काढली, शर्ट परत हँगरला अडकवला आणि बनियनवरच येऊन खुर्चीत बसले.

खोटं बोलणं इतकं सोपं असतं, हे नंदाला बत्तीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. तिने साडेतीनच्या जागी अडीच लिहिले, कंसात 'पहाटे' लिहिलं, आणि तक्ता पुन्हा फ्रिजला चिकटवला. हात तिने ओट्यावरच्या फडक्याला पुसला.

खरं असं होतं, की निकिताची पाळी तसूभरही बदललेली नव्हती. निकिता नगराळे लंडनच्या एका आंतरराष्ट्रीय वाहिनीवर सकाळी अकराचं इंग्रजी बातमीपत्र वाचायची आणि यापुढेही अकराचंच वाचणार होती. बदललं होतं तिकडचं घड्याळ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ती माणसं घड्याळ एक तास मागे घेतात, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा पुढे करतात. एप्रिलपासून पुण्यात साडेतीनला दिसणारी निकिता आजपासून साडेचारला दिसणार होती. निकिताच्या आईने, चंपाकाकूंनी, सकाळीच वाघोलीहून फोन केला होता. "भाऊले सांग बरं का, नाही तं बसतील बिचारे टीव्हीपुढे वाट पाहत."

नंदा सांगणार नव्हती. कारण साडेचारला नंदाचं स्वतःचं बातमीपत्र असायचं.

नारायण पेठेत, एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या मजल्यावर, केबलवाल्याचा दीड खोलीचा स्टुडिओ होता. तिथे दुपारी दीडला 'शहरनामा' रेकॉर्ड व्हायचा आणि साडेचारला सगळ्या शहरात दिसायचा. सगळ्या शहरात म्हणजे, ज्यांच्या घरी त्या केबलवाल्याची तार गेलेली आहे त्यांच्या घरी. गुरुवारची पाणीकपात, रखडलेला उड्डाणपूल, आयटीवाल्यांच्या बसमुळे तुंबलेला नगर रस्ता, आणि शेवटी हरवलेल्या व्यक्ती. सात वर्षं नंदा हे वाचत होती. सुरुवातीचे काही महिने निकिताही तिथेच वाचायची, एक दिवस ही, एक दिवस ती. मग निकिता दिल्लीला एका इंग्रजी चॅनलात गेली, तिथून लंडनला. नंदा कुठे गेली नाही. आधी आईचं आजारपण होतं, आणि आई गेल्यावर कुठे जायचं हे कोणी विचारलं नाही.

एप्रिलमध्ये निकिता त्या वाहिनीवर दिसायला लागली, आणि नंदाच्या घरात एक नवीन प्रथा सुरू झाली. तीन वाजता भीमराव तोंड धुवायचे, भांग पाडायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे, आणि साडेतीनला टीव्हीपुढे ताठ बसायचे. हातात काही नाही. अर्धा तास मान इकडची तिकडे नाही. मग चार वाजता शर्ट काढायचा. साडेचारला नंदा लागायची तेव्हा ते बनियनवर असायचे आणि पुढ्यात मेथीची जुडी असायची. कान टीव्हीकडे असायचे, नाही असं नाही. पण डोळे मेथीवर.

लेकीला मेथी आणि शेजारणीच्या पोरीला इस्त्रीचा शर्ट! नंदा जळायची. याला दुसरा शब्द नाही आणि तिने शोधलाही नव्हता. निकिताचे केस बघून जळायची, मागच्या काचेतून दिसणारं लंडन बघून जळायची. निकिता शेवटी आपलं नाव सांगताना 'नगराळे'चं 'नगराले' करायची, त्यावर तर नंदाने एकदा बोलूनही टाकलं होतं, "स्वतःचं आडनाव तरी धड म्हणावं माणसाने."

"तिकडच्या लोकांच्या जिभेला ळ नाही," भीमराव म्हणाले होते. "त्यांची सोय बघितली तिने."

वर कहर म्हणजे, तक्ता नंदानेच करायचा. निकिताला चार दिवस काम, चार दिवस सुट्टी, त्यामुळे वार दर आठवड्याला पुढे सरकायचे. चंपाकाकू महिन्याच्या सुरुवातीला तारखा फोनवर सांगायच्या, आणि नंदा त्या आखून फ्रिजवर लावायची. ज्या बाईचा चेहरा डोळ्यांपुढे नको व्हायचा, तिच्या सुट्ट्या नंदाला तोंडपाठ होत्या. साडेतीनची निकिता तिने सात महिने सोसली, कारण साडेचार तरी तिचे स्वतःचे होते. आता दोघी एकाच वेळी आल्या तर बाबा कोणाला लावतील, हा प्रश्न तिला पडलाच नाही. उत्तर तिला ठाऊक होतं, म्हणून तर खोडरबर हातात घेतलं.

तसं पाहिलं तर जळण्याची सवय जुनी. भीमराव रामटेके अडुसष्ट साली चंद्रपूरकडून पुण्याला तार ऑफिसात टेलिप्रिंटरवर आले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी टेबलावरच्या एकाकडे 'पानी' मागितलं, आणि सगळा विभाग दिवसभर एकमेकांकडे पानी मागत राहिला. भीमरावांनी बुधवार पेठेतून एक जुना शॉर्टवेव्ह रेडिओ आणला आणि रोज बातम्या ऐकून, त्या मोठ्याने म्हणून, स्वतःची जीभ वळवली. दोन वर्षांनी तेच टेबलावरचे लोक त्यांच्याकडून अर्ज वाचून घ्यायला लागले. त्या रेडिओचं वेड मात्र तिथेच थांबलं नाही. कुठलं परदेशी स्टेशन किती वाजता कुठे लागतं याची यादी त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. नंदाची आई गेल्यापासून रेडिओवर कापड होतं आणि ते कोणी काढलेलं नंदाने पाहिलं नव्हतं.

क्वार्टर्समध्ये शेजारी नगराळे राहायचे, तारवालेच. त्यांची निकिता आणि ही नंदा, दोघींना भीमराव रोज सकाळी शाळेआधी वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचायला लावायचे. हातात पेन्सिल असायची. चूक झाली की समासात एक रेघ. वाचून झालं की रेघा मोजायच्या. नंदाच्या कधी चार, कधी तीन. निकिताच्या कधी पंधराच्या खाली यायच्या नाहीत. पोरगी वाक्याचा शेवट गिळायची. सगळं वाक्य खणखणीत म्हणायची, आणि शेवटचा शब्द आला की घास गिळावा तसा गिळून टाकायची.

"शेवटचा शब्द समोरच्या भिंतीला लागला पाहिजे," भीमराव म्हणायचे. "पुन्हा म्हण."

नंदाच्या तीन रेघा मोजून झाल्या की ते म्हणायचे, "छान. जा, झालं तुझं." मग खुर्ची निकिताच्या जवळ ओढायचे आणि अर्धा अर्धा तास तिच्याबरोबर बसायचे. पुन्हा म्हण. पुन्हा म्हण. नंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघायची. हुशारीचं बक्षीस म्हणून तिला दात घासायला पाठवलेलं असायचं.

तर आता वीस वर्षांनी तिने तो हिशोब एका खोडरबराने चुकता केला होता. सोमवारी साडेचारला तिने 'शहरनामा' लावला आणि मेथी मुद्दाम फ्रिजमध्ये ठेवून दिली. भीमराव थोडा वेळ रिकाम्या हातांकडे बघत राहिले, मग टीव्हीकडे बघायला लागले.

तीन दिवस ते नुसतेच बघत होते. चौथ्या दिवशी उठले, टेबलाच्या खणातून पेन्सिल आणि जुन्या पाकिटाचा पाठकोरा कागद घेऊन बसले. पडद्यावरची नंदा महापालिकेच्या सभेतला गोंधळ सांगत होती, आणि खुर्चीतली नंदा पडद्याकडे न बघता पेन्सिलीकडे बघत होती. रेघ पडली. पुन्हा पडली.

"अकरा," बातमीपत्र संपल्यावर भीमराव म्हणाले.

"अकरा?"

"बारावी सोडून दिली. खोकला असेल म्हटलं."

"सात वर्षांत कधी बोलला नाहीत!"

"सात वर्षं मी मेथी निवडत होतो. भाजी कशी झाली ते सांगायचो की."

मग त्यांनी एकेक चूक सांगितली. आकडे आले की ती घाई करते. 'आयुक्त' म्हणताना उगाच हसते, आयुक्त काय मामेभाऊ आहे का. दोन बातम्यांच्या मध्ये श्वास घेत नाही, त्यामुळे अपघातात मेलेला माणूस आणि पुष्पप्रदर्शन एकाच दमात येतात. नंदाला राग आला, लाज वाटली, आणि त्या सगळ्याच्या खाली इतका आनंद झाला की ती चहा टाकायला म्हणून उठून स्वयंपाकघरात गेली आणि गॅस न पेटवताच उभी राहिली.

दुसऱ्या दिवसापासून रोज तसंच. साडेचार ते पाच बातम्या, पाच ते सहा चुका. भीमराव खुर्ची तिच्याजवळ ओढायचे. पुन्हा म्हण. नंदा म्हणायची. अकराच्या आठ झाल्या, आठाच्या सहा. स्टुडिओतही फरक कळायला लागला. तिथे कॅमेरा, दिवे, एडिटिंग आणि चहा सांगणं हे सगळं काम एकटा पोपट शिंदे करायचा. कौतुक हा त्याच्या स्वभावातला भाग नव्हता.

"मॅडम, काय क्लास बिस लावला का?" तो म्हणाला. "हल्ली मला कापाकापी करावी लागत नाही. अशाने माझी नोकरी जाईल."

"वडील घेतात तयारी."

"मग एक करा. मुंबईत ते चोवीस तासांचं मराठी चॅनल निघतंय ना, त्यांना निवेदक पाहिजेत. टेप मागवलीय. न कापलेली, सलग, एका दमात वाचलेली. तीस नोव्हेंबरच्या आत. तुमची जाऊ शकते."

नंदाने घरी येऊन सांगितलं. भीमरावांनी चष्मा काढून पुसला.

"न कापलेली म्हणजे शून्य चूक."

"हो."

"मग शून्यावर यायचं," ते म्हणाले. त्या दिवशी खुर्ची साडेसहापर्यंत तिच्याजवळ होती.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, रविवारी सकाळी, चंपाकाकू आल्या. निकिताने घेऊन दिलेल्या वाघोलीच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्याच राहायच्या आणि महिन्या दोन महिन्यांनी दोन बस बदलून इकडे यायच्या. इतकी वर्षं पुण्यात काढूनही त्यांनी आपली बोली सोडली नव्हती. निकिताने पाठवलेली चॉकलेटं त्यांनी टेबलावर ठेवली आणि बसता बसताच विचारलं,

"भाऊ, काल पाहिलं का तिले? निळा कोट होता. मी म्हटलं, हा रंग काऊन घातला बापा, सावळ्या माणसाले उठत नाही."

नंदा चहाचा ट्रे घेऊन येत होती. ती होती तिथे थांबली.

"काल?" भीमराव म्हणाले. "काल नाही पाहिलं, चंपाबाई."

"काऊन जी? साडेचारले तर होती. मी नंदाले फोन केला होता ना, घड्याळ बदललं त्याच दिवशी. काऊन गं, सांगितलं नाही का तू?"

कपातला चहा बशीत सांडला.

"सांगितलं तिने," भीमराव म्हणाले. "मीच विसरलो. साडेतीनलाच लावत होतो. कोणीतरी टकल्या दिसायचा. म्हटलं, निकिताची सुट्टी असेल."

"तीन आठवडे सुट्टी?"

"मी तार ऑफिसात नोकरी केली, चंपाबाई. मला त्यात काही विशेष वाटलं नाही."

चंपाकाकू हसून हसून लाल झाल्या. नंदाने ट्रे ठेवला. भीमरावांनी कप उचलला, फुंकर घातली आणि चंपाकाकूंच्या सोसायटीतल्या पाण्याच्या टँकरची चौकशी सुरू केली. नंदाकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

चंपाकाकू जेवून गेल्या. भीमराव आडवे झाले. नंदा भांडी विसळत होती आणि डोक्यात एकच चाललं होतं. विसरले? बाबा? त्यांना नातेवाइकांचे वाढदिवस आठवत नसत, पण सत्तर साली रेडिओवर कुठलं स्टेशन किती मीटरवर लागायचं ते आठवायचं. आणि तेव्हा तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. रेडिओ.

ती हात पुसून आत गेली. भीमराव भिंतीकडे तोंड करून झोपले होते. तिने कपाटाचं दार उघडलं. आतल्या बाजूला यादी होती, पण जुनी पिवळी नव्हे. नवा कोरा कागद होता. वर लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, '२९ ऑक्टोबर २००६ पासून'. खाली एकेका परदेशी स्टेशनची वेळ एक एक तासाने सरकवलेली. लहानपणापासून वर्षातून दोनदा बाबांना स्टुलावर चढून ही यादी बदलताना तिने पाहिलं होतं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी. रेडिओवर कापड पडलं म्हणून यादी बदलायची थांबते थोडीच. आणि ती शहाणी त्यांना सांगायला गेली होती, की पाळी बदलली, मार्चपर्यंत!

यादीच्या तळाशी दोन ओळी होत्या.

निकिता ४.३०

नंदा ४.३०

तिने दार लावून घेतलं. म्हणजे शर्टाची बटणं काढली तेव्हाच त्यांना कळलं होतं. तीन आठवडे ते सगळं जाणून बसले होते. पेन्सिल, रेघा, पुन्हा म्हण, सगळं. कशासाठी? पोरीला वाईट वाटू नये म्हणून. दया! निकिताला शर्ट आणि नंदाला दया. यापेक्षा मेथी बरी होती.

सोमवारी साडेचारला भीमराव पेन्सिल घेऊन बसले. नंदाने रिमोट उचलला आणि लंडनची वाहिनी लावली. निकिता होती. आज पांढरा कोट होता आणि तो तिला दिसत होता छान.

"हे काय लावलंस?" भीमराव म्हणाले.

"बघा तिला. तुमचे तीन आठवडे बुडवले मी. मला माहिती आहे की तुम्हाला माहिती होतं. यादी बघितली मी."

"हं."

"मला कोणाची भीक नकोय, बाबा."

भीमरावांनी निकिताकडे पाहिलं. दोन बातम्या त्यांनी पूर्ण ऐकल्या. कुठेतरी निवडणूक झाली होती, कुठेतरी पूर आला होता. निकिताचा एकेक शेवटचा शब्द स्वच्छ येत होता, समोरच्या भिंतीपर्यंत.

"ती चुकत नाही," ते म्हणाले.

"माहितीय मला ती चुकत नाही!"

"ऐकून तरी घे. ती चुकत नाही, म्हणून मला तिथे काही काम नाही. पाहुणीसारखी आहे ती. पाहुणी आली की शर्ट घालायचा, हात जोडून बसायचं. घरच्या माणसासाठी कोण शर्ट घालतं?" त्यांनी रिमोट तिच्या हातून घेतला. "तू चुकतेस. म्हणून पेन्सिल काढली मी."

"आणि खोटं बोलले ते?"

"ती चूक मी मोजली नाही. वाचनातली नव्हती."

त्यांनी 'शहरनामा' लावला. निम्मा होऊन गेला होता. ते पेन्सिल धरून बसले. पाच वाजता त्यांनी कागद पाहिला. एकच रेघ होती.

"अर्ध्याच बातम्यांत एक," ते म्हणाले, "पण एकच. आता उद्या नाहीतर परवा शून्य. टेप पाठव मुंबईला, आणि ही पेन्सिल मी खणात टाकतो. झालं तुझं."

ते खुशीत होते. उठून फ्रिजपाशी गेले, मेथीची जुडी काढली आणि वर्तमानपत्र पसरून निवडायला बसले. नंदा त्यांच्याकडे बघत तशीच बसून राहिली. झालं तुझं. हे शब्द तिने वीस वर्षांत ऐकले नव्हते, आणि एका क्षणात ती पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

मंगळवारी दीड वाजता पोपटने दिवे लावले.

"मॅडम, आज मी टेप नवी घातलीय. मुंबईची समजूनच वाचा."

नंदाने श्वास घेतला आणि सुरू केलं. पहिली बातमी गेली. आकड्यांची गेली. आयुक्तांची गेली, न हसता. आपण चांगलं वाचतो आहोत हे तिला पहिल्यांदाच वाचता वाचता कळत होतं. पोपट कॅमेऱ्यामागे इतका गप्प होता की खालच्या दुकानातलं झेरॉक्सचं मशीन ऐकू येत होतं. मुंबई, तिने मनात म्हटलं. मग दिल्ली. मग काय सांगावं. एक दिवस वाघोलीच्या फ्लॅटमध्ये चंपाकाकू आपल्याला बघतील आणि आपला कोट कसा होता ते चारचौघांत सांगतील. सात वर्षं याच विचारावर तिने दिवस काढले होते. हरवलेल्या व्यक्ती गेल्या. आता फक्त निरोपाचं वाक्य राहिलं.

"आजचा शहरनामा इथेच संपला. उद्या याच वेळी पुन्हा भेटू, तोपर्यंत..."

आणि 'नमस्कार' तिने गिळला. अर्धा तोंडात, अर्धा घशात.

"अरेरेरे!" पोपटने कपाळावर हात मारला. "शेवटच्या शब्दाला! सगळं दूध नासलं की हो. थांबा, पुन्हा घेऊ. पहिल्यापासून घेऊ, अजून वेळ आहे."

"राहू दे," नंदा म्हणाली.

"राहू दे काय? मुंबईचं काय?"

"बघू पुढे. हीच लाव आज." तिने कॉलरचा माईक काढून टेबलावर ठेवला. पोपट मान हलवत दिवे बंद करायला गेला.

साडेचारला भीमराव खुर्चीत होते. बातम्या सुरू झाल्या. पेन्सिल कागदाच्या वर धरलेली, आणि तिथेच. पहिली बातमी, दुसरी, आयुक्त, आकडे. एकही रेघ नाही. भीमरावांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. हरवलेल्या व्यक्तींपर्यंत ते खुर्चीच्या कडेला येऊन बसले होते, आणि त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवायला हात पुढेही केला होता. मग निरोपाचं वाक्य आलं.

हात थांबला. जाहिराती सुरू झाल्या तरी ते पडद्याकडेच बघत होते.

"ही तर निकिताची खोड," ते म्हणाले.

नंदाने रिमोट उचलून जाहिरातींचा आवाज कमी केला.

"तू लहानपणीसुद्धा कधी शेवट गिळला नाहीस. एकदासुद्धा नाही."

"आज गिळला गेला."

त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ. ती पाळीबद्दल खोटं बोलली तेव्हा पाहिलं होतं तसंच, आणि तिलाही आता ते ओळखता येत होतं. मग त्यांनी कागदावर एक रेघ मारली.

"पुन्हा म्हण," ते म्हणाले.

नंदाने म्हटलं. शेवटचा शब्द पुन्हा गिळला.

भीमरावांनी टीव्ही बंद केला आणि खुर्ची तिच्याजवळ ओढली.